दुपारचे फोन

६ जानेवारी

धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, दर पत्रात नव्याने लिहीत नाही.

पार्सल काल मिळालं. खोक्यात खोकं, त्यात चिंध्या आणि चिंध्यांत मोडेम, असा तुझा बंदोबस्त. सोडवताना नखं तुटली. कॉलेजने भंगारात काढलेला कॉम्प्युटर मी निवृत्त होताना मागून घेतला होता, त्याला एक वायर जोडली, दुसरी भिंतीतल्या फोनच्या खाचेत आणि आपला फोन मोडेमच्या पाठीत. सोबतच्या तुझ्या चिठ्ठीत लिहिलंय तसं पडद्यावर AT टाईप केलं. खाली 'ओके' आलं. सगळी हयात गणित शिकवलं, पण इतकं मुकाट उत्तर मला एकाही विद्यार्थ्याने दिलेलं नाही.

पुढे ATDT आणि तुझा नंबर. उत्तर आलं 'नो डायलटोन'. फोन कानाला लावून पाहिला, डायलटोन आहे. म्हणजे मला ऐकू येतो आणि तुझ्या मोडेमला येत नाही. मालकाच्या वळणावर गेलंय. काय करायचं ते कळव.

आई पलंगावर बसून होती. "काय गं टकटक लावलीयेस?" म्हणाली. मी म्हटलं, कॉलेजचं काम. तिला खोटं सांगायला मला आवडत नाही, हे तुला माहीत आहे. गेल्या वर्षी तूच आपण होऊन फोन लावलास तेव्हा तिने तुला सांगितलं, "माझे डोळे गेले रे, आता काहीच दिसत नाही," आणि तू म्हणालास, "वा! छान झालं!" तेव्हापासून तिच्या लेखी तू तिच्यावर रागावलेला आहेस. नंतर तिने लावलेले फोन तू उचललेच नाहीस. तुझे कान गेलेत, घंटी तुला कळत नाही, हे एका वाक्यात तिला सांगता येईल. पण तू मला शपथ घातलीस. शपथ-बिपथ मी मानत नाही, शब्द दिला की पाळते, म्हणून गप्प आहे.

तुझा बेत मला पटला तो एवढ्याचसाठी. तू तिथून टाईप करणार, मी इथे तिला वाचून दाखवणार, ती बोलेल ते मी टाईप करणार. मग तुझं तूच तिला सांग. पण माझं अजूनही म्हणणं असं, की हे मोडेम-बिडेम राहू दे, सरळ गाडीत बस आणि ये. ती थकत चालली आहे.

ताई

१५ जानेवारी

ताई,

पाया पडलो असं समज. पाठ धरली आहे, प्रत्यक्षात वाकता येत नाही.

'ये' म्हणतेस. येऊन काय करू? तिला दिसत नाही, मला ऐकू येत नाही. ती बोलेल आणि मी तिच्या ओठांकडे बघत बसेन. दात काढल्यापासून तिचे ओठ मला वाचता येत नाहीत. मग मी पुन्हा काहीतरी 'छान' म्हणून बसेन. एकदा झालं तेवढं पुरे. आणि माझ्या कानांचं कळलं तर ती उरलेले दिवस त्याचंच दुःख करत बसेल. मला ते स्वतः सांगू दे, ती जे विचारेल त्याला तिथल्या तिथे उत्तर देता येईल अशा रीतीने.

आता कामाचं. तुमचं एक्सचेंज जुनं आहे, त्याच्या डायलटोनचा सूर मोडेमला ओळखता येत नाही. आधी ATX3 दे. म्हणजे ते सुराची वाट न बघता नंबर लावेल. आणि ATDT नको, ATDP दे. तुमचा फोन तबकडीचा, भोकांत बोट घालून फिरवायचा. तिथे नंबर टिकटिकीनेच जातो. एक्सचेंजमध्ये इतकी वर्षं काढली, कान सोडले तर बाकी सगळं घेऊन घरी आलो.

माझ्या मोडेमला ATS0=1 दिलंय. फोन आला की ते आपण होऊन उचलतं आणि पडद्यावर 'रिंग' असं उमटतं. मला घंटी ऐकू येत नाही, तेव्हा हा गडी बरा. तो दिवसरात्र चालू असतो. AT&W देऊन ते पक्कं करून ठेवलंय, वीज गेली तरी विसरायचा नाही. फोनचं यंत्र काढून कपाटात टाकलं, त्याचा मला काय उपयोग? रविवारी सकाळी लाव, मी समोर बसलेला असेन.

आणखी एक. मोडेम बोलायला लागलं की त्याच्या स्पीकरमधून आवाज येतो. तो कसा असतो ते लिही. मला ऐकू येत होतं तेव्हा आमच्याकडे ही यंत्रं आली नव्हती.

धाकटा

२८ जानेवारी

धाकट्या,

तुझ्या दोन्ही आज्ञा मानल्या गेल्या. रविवारी सकाळी नंबर लागला.

आवाज विचारतोस. आधी टिकटिक. मग पलीकडे घंटी. मग तुझ्या गड्याने उचलल्यावर एक शिट्टी, बारीक आणि सरळ, थांबतच नाही अशी. त्यानंतर घशात काही अडकावं तशी घरघर, आणि मग किंचाळणं. हट्टाला पेटलेलं मूल श्वास कोंडून रडतं ना, तसं. मग सगळं शांत, आणि पडद्यावर 'नो कॅरिअर'. म्हणजे पलीकडचा सूर माझ्या मोडेमला पकडता आला नाही, असं मी तुझ्या चिठ्ठीवरून समजते. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. तेच.

सुदैवाने आई तेव्हा बाहेर उन्हात बसली होती. फोन तिच्याच खोलीत आहे, हा आकांत तिने ऐकला असता तर धसका घेतला असता. तू दिलेल्या कागदावर शोधून ATM0 देऊन टाकलं. आता स्पीकर बंद. यंत्राने काय रडायचं ते तोंड दाबून रडावं.

पुढे काय?

ताई

७ फेब्रुवारी

ताई,

तुझं आवाजाचं वर्णन मी तीनदा वाचलं. यंत्राला इतकं त्रासलेलं मी कधी पाहिलं नाही, पाहिलं ते नेहमी गिऱ्हाइकाला.

लाईनमध्ये खरखर असणार. प्रोग्राममध्ये वेग कमी कर, बाराशेवर आण. दोन माणसं गोंगाटात सावकाश बोलतात, तसंच.

पण तू दुपारीही प्रयत्न करतेस हे लिहिलं नाहीस! जवळजवळ रोज पडद्यावर 'रिंग' येतं, मोडेम उचलतं, वाट बघतं आणि शेवटी 'नो कॅरिअर'. कधी कधी लागोपाठ दोनदा-तीनदा. मला वाटलं, तुझ्याकडून सूर उशिरा येत असेल, म्हणून मी ATS7=255 दिलं. आता माझं मोडेम शिट्टी वगैरे झाल्यावर चार मिनिटं लाईन धरून गप्प वाट बघतं. तरीही 'नो कॅरिअर'च. मात्र वेळ वाढवल्यापासून फोन दुपारी एकदाच येतो. दमलीस का? दमू नकोस, होईल.

दुकान बरं चाललंय. बहिरा माणूस रेडिओ दुरुस्त करतो म्हणून लोक हसतात, मी मीटरचा काटा बघून करतो. वाजला की नाही ते गिऱ्हाईक सांगतं.

धाकटा

१६ फेब्रुवारी

धाकट्या,

दुपारी मी फोन लावत नाही. दुपारी मी शिकवणीला जाते, हे तुला माहीत असायला हवं. घरी आई एकटी असते आणि ती कॉम्प्युटरला हात लावत नाही. तुझ्याकडे कुणाचातरी चुकीचा नंबर लागतोय. तू मात्र त्या परक्या माणसासाठी चार-चार मिनिटं लाईन धरून ठेवतोस. दुपारी उचलणं बंद कर. लाईन माझ्यासाठी मोकळी ठेव.

बाराशेवर काल थोडं यश आलं. 'कनेक्ट' असा शब्द उमटला, त्यामागून कचऱ्यासारखी अक्षरं, आणि लाईन गेली. तुला दिसलं असेल.

आई सध्या बरी आहे. ते कळवायचं राहून जातं, कारण वाईट असलं की लिहायला सुचतं. पूर्वी मी परत येईपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. आता उठून बसलेली असते, चहा मागते. परवा चक्क गुणगुणत होती. मी विचारलं, "आज काय विशेष?" तर म्हणाली, "तुला काय करायचंय? तुझी गणितं बघ." म्हणून म्हणते, घाई कर. ती बोलायच्या मनःस्थितीत आहे.

ताई

२५ फेब्रुवारी

ताई,

आज्ञा शिरसावंद्य. ATS0=0 देऊन टाकलं. आता मोडेम फोन उचलत नाही, नुसतं 'रिंग' दाखवतं. रविवारी सकाळी तेवढं चालू करत जाईन.

तुझा तो परका माणूस मोठा चिकट निघाला. पहिल्या दुपारी रिंग, रिंग, रिंग असा पडदा वरपासून खालपर्यंत भरला. दुसऱ्या दिवशी तेच. पुढे कमी झालं. परवापासून काही नाही. कंटाळला बिचारा.

मी आईला काय लिहायचं ते कागदावर उतरवून काढलंय. सतरा वेळा खोडलं. तू ते सरळ वाच, तुझ्या वर्गातल्या आवाजात नको.

धाकटा

११ मार्च

धाकट्या,

हे पत्र नीट वाच.

परवा शिकवणीची मुलं सहलीला गेली होती, म्हणून मी वाटेतून परत आले. आई पलंगावर बसून होती, रिसीव्हर कानाला. पलीकडे घंटी वाजत होती, ती मला दारापर्यंत ऐकू येत होती. बऱ्याच वेळाने तिने रिसीव्हर ठेवला आणि चाचपडत भोकं मोजून पुन्हा नंबर फिरवायला लागली. तुझा नंबर. तो तिला पाठ आहे, हे मी विसरले होते.

मी म्हटलं, "कुणाला लावतेस?"

ती दचकली. "आलीस लवकर?"

"आई, कुणाला?"

"आहे एक. आता उचलत नाही."

"म्हणजे आधी उचलायचा?"

"उचलायचा तर! रोज. पहिल्यांदा फार ओरडला गं. आधी शिट्टी मारली, मग किंचाळला. मी घाबरून ठेवून दिला. मग मनात म्हटलं, लहानपणी असाच करायचा, राग आला की श्वास कोंडून. तेव्हा काय मी त्याला टाकून जायची? पुन्हा लावला. ओरडून झालं की गप्प व्हायचा. आधी लगेच ठेवायचा. नंतर नंतर चांगला धरून राहायचा, मी बोलेन तेवढा वेळ. एक शब्द बोलला नाही, पण ऐकायचा."

"काय बोलायचीस?"

"ते आमचं आहे."

"आई, मला सांग."

"तू सगळ्यांना शिस्त लावतेस, तुला नाही सांगणार." मग म्हणाली, "त्या दिवशी माझं काहीतरी चुकलं असेल. मी जे विचारलं ते विचारायला नको होतं. दुसऱ्या दिवसापासून त्याने उचलणंच सोडलं."

काय विचारलं, ते तिने सांगितलं नाही. हा फोन बंद करायला मीच तुला लिहिलं होतं. ते पत्र तुझ्याकडे असेल, फाडून टाकू नकोस.

आता माझं ऐक. मोडेम बंद कर. कपाटातलं यंत्र काढ, लाव. रविवारी सकाळी मी इथून फोन लावून तिच्या हातात देते. तू उचल आणि तोंडाने बोल. तुला ऐकू येत नाही एवढं सांग, बाकी ती काय म्हणते ते मी कागदावर लिहून पाठवीन. वाटाघाटी नकोत.

ती नीट जेवत नाही.

ताई

२० मार्च

ताई,

तुझं पत्र आल्यापासून दुकान उघडलं नाही.

मोडेम पुन्हा चालू केलंय. ATS0=1 आणि ATS7=255, होतं तसं. दुपारभर पडद्यासमोर बसून असतो. एकदाही 'रिंग' आलं नाही. तिला म्हणावं, लाव. तिला म्हणावं, तो उचलतो.

चार मिनिटं ती बोलत होती आणि मी तिथेच बाजूच्या खुर्चीत बसून चहा पीत होतो, ताई. पडद्याकडे बघत होतो. मला दिसत होतं ते एवढंच, की सूर मिळत नाही.

तू म्हणतेस तसं तोंडाने बोलणं मला जमणार नाही. रागावू नकोस. मी बोलत सुटेन, आणि ती मध्येच विचारेल. तिने काहीतरी विचारलं होतं ना? तेच ती पुन्हा विचारेल आणि मी त्यावरून आपलंच दामटत पुढे जाईन. पुन्हा तेच होईल. या वेळी तिने विचारलं की तिला उत्तर मिळायला हवं. म्हणून मोडेमच. वेग तीनशेवर आण. त्याहून हळू काही नाही, आता तरी लागेल. आधी AT&F देऊन सगळं मूळचं कर, मग ATX3, ATM0, मग नंबर. मी रविवारची वाट बघणार नाही, रोज बसतो. कधीही लाव.

तोवर तिला माझ्या कानांचं सांगू नकोस. एवढं एक.

धाकटा

३० मार्च

धाकट्या,

तिला म्हटलं, लाव, तो उचलेल. म्हणाली, "मी नाही आता त्याला त्रास देणार." पलंग बाहेरच्या खोलीत हलवायला लावला. फोन आतच आहे. मी नंबर फिरवून रिसीव्हर हातात दिला, तर तिने तो उशीवर ठेवून दिला. तुझी शिट्टी उशीत वाजत राहिली.

तीनशेवर लावून पाहिलं, लागला नाही. खोकला झालाय तिला. पुढच्या रविवारी शेवटचं लावून पाहीन. नाही लागला तर मी शब्द मोडणार, तुझी परवानगी मागत नाही.

ताई

७ एप्रिल, रविवार

ताई,

लागला! लागला!

सकाळी पडद्यावर 'रिंग' आलं, आणि मग 'कनेक्ट', आणि त्यामागे कचरा नाही, काही नाही, स्वच्छ काळा पडदा. मी टाईप केलं, 'ताई, आई बसली आहे का?' तू काही लिहिलं नाहीस. मी समजलो, तू तिला उठवून आणतेस, उशी देतेस, नेहमीचं. लाईन परत जायच्या आत सांगून टाकावं म्हणून मी थांबलो नाही. तो सतरा वेळा खोडलेला कागद जवळच होता, पण बघितलाच नाही.

मी लिहिलं, आई, मी धाकटा. मी रागावलेलो नाही. मला ऐकू येत नाही, बरीच वर्षं झाली. तू डोळ्यांचं सांगितलंस तेव्हा मला ऐकू आलं नव्हतं. फोनवर ओरडायचं ते एक यंत्र होतं. तू बोललीस त्यातलं माझ्यापर्यंत काही आलं नाही, पण तू रोज बोलत होतीस हे आता मला कळलंय. काय विचारलं होतंस ते पुन्हा विचार. ताई लिहून घेईल. मी इथेच आहे.

मग वाट बघितली. तू वाचून दाखवत असशील, ती रडत असेल, तू तिला दटावत असशील. मग लाईन गेली. नेमकी तेव्हाच जायची होती!

पण पोचलं, ताई. हे पत्र आत्ताच टाकतो. आई काय म्हणाली? जसंच्या तसं लिही, तुझ्या शब्दांत नको.

धाकटा

२२ एप्रिल

धाकट्या,

तू आलास, राहिलास आणि गेलास. तू इथे होतास तेव्हा तुझं हे पत्र वाटेत होतं. ते परवा मिळालं.

निघताना तू दारात थांबलास आणि म्हणालास, "निदान तिला माझ्याकडून कळलं, मग गेली." लोक उभे होते. मी मान हलवली. तसंच ठेवता आलं असतं. पण मग तू दर पत्रात ते लिहिशील आणि मला दर पत्रात मान हलवावी लागेल. चुकलेलं उत्तर मी कधी बरोबर धरलं नाही, तुझ्यासाठीही धरणार नाही. समोर असतास तर मला हे बोलता आलं नसतं, आणि बोलले असते तरी तुला ऐकू आलं नसतं.

शुक्रवारी तिला धाप लागली. दवाखान्यात नेलं. शनिवारी तुला तार केली. ती तुला दुसऱ्या तारेबरोबर मिळाली, हे तू आल्यावर कळलं. शनिवारी संध्याकाळी मी शब्द मोडला. तिच्या कानाशी वाकून सांगितलं, "त्याला ऐकू येत नाही, आई. तो रागावलेला नाही." तिचे डोळे बंद होते, हात गार होता. ऐकलं की नाही, मला सांगता येणार नाही. नर्सला विचारलं, ती म्हणाली, "आजी सकाळपासून शुद्धीवर नाहीत."

रविवारी पहाटे ती गेली. मी घरी आले. तारघर उघडायचं होतं. तुला कळवायला दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून आत जाऊन मोडेम लावलं. ते पहिल्याच फटक्यात लागलं.

मी बोटं ठेवली आणि 'आई' एवढं टाईप करणार, तोच तुझी ओळ यायला लागली. तीनशेच्या वेगाने, एकेक अक्षर. तू विचारत होतास, आई बसली आहे का. मी 'नाही' लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, तोवर तू पुढे निघाला होतास. तुला मध्येच तोडणं मला जमलं नाही. शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं.

लाईन गेली नव्हती. वायर मी काढली.

आई काय म्हणाली, असं विचारलंस. तू लिहिलंस ते मी मोठ्याने वाचलंसुद्धा नाही. घरात माझ्याखेरीज कुणी नव्हतं.

ताई